शुभांगीच्या उजव्या हाताखाली

मी कॉम्प्युटरचा माऊस बोलतोय. काळा, वायरवाला, दोन बटणं आणि मध्ये एक चाक. तुमच्याही टेबलावर माझा एखादा भाऊबंद बसलेला असेल. आमच्या जातीत सहसा कुणी आपली कहाणी सांगत नाही, कारण घडतच काही नाही. हलवलं की हललो, दाबलं की टिक् केलं, संपलं. माझ्या बाबतीत मात्र घडलं. मी एकाचा हेवा केला. अगदी मनापासून केला. आणि त्या हेव्यापायी, जिच्या हाताखाली माझं आयुष्य गेलं तिचं नुकसान होताना नुसता बघत राहिलो. ते सांगायला बसलोय.

जन्माचं फारसं आठवत नाही. एक लांबलचक सरकता पट्टा होता आणि त्याच्या शेवटी एक बाई प्रत्येकाची बटणं दोनदा दाबून आम्हाला खोक्यात टाकत होती. पुढे डोळे उघडले ते नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात. तिथे मी हुकाला लटकून होतो. बाहेर दिवसभर ट्रकांचे आणि बसचे हॉर्न वाजत. लोक यायचे, स्वस्तातला कुठला ते विचारायचे आणि माझ्या शेजारच्याला घेऊन जायचे.

दोन हजार चौदा साली शुभांगी आली. तिने मला पाकिटातून बाहेर काढायला लावलं, काउंटरच्या काचेवर ठेवलं, वर तळवा टेकवला आणि डोळे मिटून मला गोल गोल फिरवलं. दुकानदार हसला. ती हसली नाही. तिने आणखी तीन माऊस तसेच फिरवून पाहिले आणि परत माझ्याकडे आली. ऑफिसात माऊस मिळत होता, पण तो अडखळत होता, म्हणून ती स्वतःसाठी चांगला बघायला आली होती. मला तेव्हाच कळलं की ही बाई हाताने विचार करते.

शुभांगी मूळची नामपूरची. डिप्लोमासाठी नाशिकला आली आणि इथलीच झाली. सिडकोत नवरा आणि मुलगी यांच्याबरोबर राहायची. अंबडला एका शेडच्या वरच्या मजल्यावर किशोर गायधनींचं ऑफिस होतं, तिथे ती कामाला होती. खाली कारखान्यांसाठी विजेची पॅनेल बनायची, वर त्या पॅनेलमधले सर्किट बोर्ड डिझाइन व्हायचे. गायधनी साहेब पन्नाशीचे, बोलायला कमी. विचारात असले की खिशातल्या किल्ल्या वाजवत फिरायचे.

तिचं काम काय होतं ते सांगतो, कारण माझा सगळा अभिमान त्यातच होता. कुठल्याही यंत्राचं झाकण उघडलं की आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर लहानमोठे भाग बसवलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. एकाच बाजूवर दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मग एकाला वळसा घालावा लागतो, नाहीतर भोकातून पाटीच्या पलीकडे उतरावं लागतं. अशा तीनचारशे जोडण्या असल्या की तो गुंता सोडवायला आठवडा-दोन आठवडे जायचे. आणि त्यातली प्रत्येक रेषा, अगदी प्रत्येक, शुभांगी माझ्या मदतीने काढायची.

तिच्या बोटांची सगळी भाषा मला पाठ होती. वाट सापडत नसली की तर्जनी माझ्या बटणावर हलकेच थरथरायची. सापडली की अंगठा माझ्या कडेवर घट्ट यायचा. डबा खाऊन आल्यावर हात धुतलेला असला तरी त्याला लसणीच्या चटणीचा वास असायचा. खंडेनवमीला ती मला ओल्या फडक्याने पुसायची, हळदीकुंकवाचं बोट लावायची आणि झेंडूची पाकळी ठेवायची. गायधनी साहेब ग्राहकाला तयार बोर्ड दाखवताना म्हणायचे, हे शुभांगीच्या हातचं काम. त्या हाताखाली मी होतो. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असण्याची मला गरज वाटली नाही.

अशी दहा वर्षं गेली.

मग ऑफिसात हर्षल नावाचा नवा मुलगा कामाला आला. पुण्याला चार वर्षं नोकरी करून तो घरी नाशिकला परतला होता. मुलगा चांगला होता, शुभांगीला ताई म्हणायचा, कामाला वाघ. एक दिवस तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत त्याने विचारलं की ताई, तुम्ही ऑटोराउटर का वापरत नाही. आपण वापरतो त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे तो, नवं काही घ्यायलाही नको.

ऑटोराउटर. म्हणजे स्वतःच वाट शोधून सगळ्या रेषा काढून टाकणारा. इतकी वर्षं तो त्याच पडद्याच्या एका कोपऱ्यात, एका बटणामागे बसून होता, आणि मी रोज त्याच्यावरून ये-जा करत होतो.

हर्षलने शुभांगीची परवानगी घेऊन एक जुना बोर्ड उघडला, त्यावरच्या सगळ्या रेषा पुसल्या आणि माझ्याच डाव्या बटणाने त्याला हाक मारली. मुंग्यांना गुळाचा वास लागावा तशा चहूकडून रेषा धावत सुटल्या. तीन मिनिटांत पाटी भरली. तो बोर्ड आम्ही दोघांनी नऊ दिवसांत पुरा केला होता.

सवतीमत्सर कशाला म्हणतात ते मला त्या तीन मिनिटांत कळलं. सवतीला निदान नाक-डोळे असतात, नावं ठेवायला जागा असते. याला काहीच नव्हतं. हात नाही, घाम नाही, चूक झाली तर ओशाळणारं तोंड नाही.

शुभांगीने पडदा बराच वेळ निरखला. रेषा सगळ्या पोहोचल्यात खऱ्या, पण कुठून गेल्यात बघ, असं म्हणून तिने ते पान बंद केलं आणि माझ्यावर तळवा ठेवून पुन्हा आपल्या कामाला लागली. मी सुखावलो. पण त्या वर्षीच्या खंडेनवमीला हर्षल गमतीने म्हणाला की ताई, एक फूल त्यालाही. आणि शुभांगीने हसत हसत पडद्याच्या त्या कोपऱ्यावर, नेमकं त्या बटणापाशी, एक पाकळी चिकटवली. माझ्यावरही पाकळी होती. मला मात्र दिवसभर ती पडद्यावरचीच दिसत राहिली.

दिवाळीनंतर तिच्या हातात काहीतरी बदललं. आधी मला वाटलं थंडीमुळे असेल. तर्जनी बटणावर टेकायची, पण दाब यायला उशीर व्हायचा. मध्येच ती हात माझ्यावरून उचलून हवेत झटकायची, जणू बोटांना पाणी लागलंय. एकदा चहाचा कप तिच्या हातून निसटला आणि टेबलभर चहा झाला. तिने कुणी बघण्याआधी पुसून टाकला. सकाळी उठल्यावर तीन बोटं बधिर असतात, मुलीची वेणी घालताना पेड सुटतात, हे ती एकदाच फोनवर आईला बोलून गेली होती. ऑफिसात कुणालाच सांगत नव्हती. नामपूरहून तिची आई धोंडाबाई रोज एकच प्रश्न विचारायची. "पोरी, तुना हात कसा शे?" बरा आहे, असं शुभांगी म्हणायची आणि तोच हात पुन्हा माझ्यावर ठेवायची.

शेवटी ती कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे गेली. मनगटातली शीर दबली आहे, असं निदान झालं. सहा आठवडे उजव्या हाताला पट्टा, आणि माऊस बंद. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि तेही उशिरा केलं तर बोटांतला बधिरपणा कायमचा. हे सगळं ती हर्षलला सांगत होती तेव्हा मी तिच्या पुढ्यातच होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

नेमकं तेव्हाच सायखेड्याचं काम आलेलं होतं. तिथे धोंडीराम अण्णांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. तोडलेली द्राक्षं पेट्यांत भरून आधी थंड खोलीत ठेवतात, मग ती परदेशी जातात. त्या खोलीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर गायधनी साहेबांनी बनवून द्यायचा होता, आणि हंगाम जानेवारीत सुरू होणार होता. चारशेच्या वर जोडण्या. साहेबांनी शुभांगीचा पट्टा बघितला, किल्ल्या वाजवल्या, आणि हे काम बाहेर दुसऱ्या डिझायनरला देऊ का असं विचारलं. ते काळजीनेच म्हणाले असतील. शुभांगीच्या कानांना मात्र त्यात दुसरंच काही ऐकू आलं. काम मीच करते, वेळेत करते, असं तिने सांगितलं.

मग तिने डाव्या हाताने, घाईघाईत, भाग पाटीवर बसतील तसे बसवले आणि ते कोपऱ्यातलं बटण दाबलं. मलाच डावीकडे सरकवून, माझ्याच बटणाने.

चार मिनिटं. शंभर टक्के जोडण्या पूर्ण, असा निरोप पडद्यावर आला. शुभांगी खुर्चीत मागे रेलून हसली. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली होती, आणि ते हसू त्याच्यामुळे होतं.

आता माझा गुन्हा सांगतो. मी तो बोर्ड पाहिला होता. दहा वर्षं तिच्या हाताखाली राहून मला जे काही समजत होतं त्यावरून मला दिसलं होतं की तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा परतीचा ट्रॅक आणि कॉम्प्रेसर चालू करणाऱ्या रिलेचा परतीचा ट्रॅक एकच होता, केसासारखा बारीक, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. रिलेची वीज त्याच वाटेने परतली की सेन्सरचा आकडा बिघडणार होता. शुभांगीने हाताने काढला असता तर अशी चूक तिच्याकडून जन्मात झाली नसती. तेवढा एक ट्रॅक नीट तपासायचा राहून गेला होता. मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. ऑटोराउटर तोंडघशी पडावा, एवढीच माझी इच्छा होती. त्याच्याबरोबर कोण पडेल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

बोर्ड बनून आला, टेबलावर चालला, आणि जानेवारीत सायखेड्याला बसला. पहिल्या चाचणीला शुभांगी आणि हर्षल दोघेही गेले. लॅपटॉपच्या पिशवीतून मीही गेलो.

पॅकहाऊसमध्ये बायका लांब टेबलांशी उभ्या राहून घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी सुरगाण्याकडच्या, हंगामापुरत्या आलेल्या. धोंडीराम अण्णांनी पहिल्या चाचणीला चाळीस पेट्या लावल्या होत्या. आदल्या दिवशीच यंत्र चालू करून ठेवलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा पडद्यावर आकडा चार होता, सगळं छान होतं. अण्णांनी दार उघडलं, एक पेटी बाहेर काढली, एक मणी तोडून बोटांत दाबला. साल निसटली आणि आतून पाणी आलं. त्यांनी दुसरा दाबला. तोही तसाच.

"गोठलाय माल," अण्णा म्हणाले. "आकडा चार दावतोय आन् माल गोठलाय. ह्ये कसं काय हो, ताई?"

हर्षलने वायर तपासल्या, सेन्सर बदलून पाहिला. कुणालाच काही उमगेना. तेव्हा मंगलाबाई नावाची एक बाई हातातली कात्री पुसत पुढे आली. सकाळपासून थंड खोलीत पेट्या नेऊन ठेवायचं काम तिच्याकडे होतं. तिने सांगितलं की आत हात घातला तर बोटं काकडतात, आणि आकडा मात्र तेवढं गार दाखवत नाही.

"त्ये खट् वाजलं का आकडा वर उडतो," ती म्हणाली. "मी सकाळधरनं बघतेय. खट् वाजतं, आकडा चढतो. परत खट् वाजलं का उतरतो."

ते खट् म्हणजे रिलेचा आवाज. कॉम्प्रेसर चालू झाला की बोर्डावरचा आकडा खऱ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी वर दिसत होता, म्हणून यंत्राला वाटायचं अजून थंड करायला हवं, आणि ते करतच राहायचं. शुभांगीने लॅपटॉपवर बोर्ड उघडला. दोन मिनिटांत तिला तो बारीक ट्रॅक सापडला. पट्ट्यातला उजवा हात डाव्या हातात घेऊन ती उभी राहिली.

खरं सांगू? मला आनंद झाला होता. चाळीस पेट्या पाण्यात गेल्या होत्या, शुभांगीचा चेहरा उतरला होता, आणि पिशवीत मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघितलंत तुमचा ऑटोराउटर.

परत आल्यावर तिने साहेबांना सरळ सांगितलं की चूक माझी आहे, सॉफ्टवेअरची नाही आणि हर्षलचीही नाही. साहेबांनी खिशातल्या किल्ल्या मुठीत धरून आवाज थांबवला. अण्णांनी तीन आठवडे दिलेत, तेवढेच आपल्याकडे आहेत, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टा काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि उजवा हात माझ्यावर ठेवला.

महिन्याभराने तो तळवा माझ्या पाठीवर आला होता. मी तर हरखून गेलो. ती सगळ्या रेषा पुसून पहिल्यापासून हाताने काढायला बसली. हर्षल अडवायला आला तर तिने त्याला गप्प केलं. तो दिवस मी तिच्या बोटांसरशी धावत होतो, पूर्वीसारखा. संध्याकाळपर्यंत साठ ट्रॅक झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा दाब चुकू लागला. एका ठिकाणी दाबायचं ते दुसरीकडेच पडत होतं. तिने हात झटकला, पुन्हा ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझं बटण बोटाने चाचपलं, परत चाचपलं. तिला मी लागतच नव्हतो. त्या बोटांखाली मी आहे की नाही हेच त्या बोटांना कळत नव्हतं.

तिने मला उचलायचा प्रयत्न केला आणि मी तिच्या हातून सुटून फरशीवर पडलो. माझी डावी कड तडकली.

हर्षल मला उचलायला वाकला, तेव्हा ती रडत होती. आवाज न करता, मान खाली घालून. फरशीवरून मला तिचं मनगट खालच्या बाजूने दिसलं. टेबलाच्या कडेवर टेकून टेकून तिथली कातडी काळवंडली होती. दहा वर्षं ते मनगट तसंच वाकवून तिने मला धरलं होतं. मी ज्याला आमची जवळीक समजत होतो, त्यातच तिची शीर दबत गेली होती. त्या ऑटोराउटरवर मी इतका जळत होतो, पण त्याने तिच्या हाताला कधी काही केलं नव्हतं. जे केलं ते मीच केलं होतं.

त्या दिवशी नामपूरहून फोन आला तेव्हा तिने आईला बरा आहे म्हटलं नाही, खरं काय ते सांगितलं.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती पट्टा बांधून, आणि डाव्या हातात एक वही घेऊन. अक्षरं वेडीवाकडी होती. हर्षलला शेजारी बसवून तिने जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे.

"मी ऑटोराउटरला काम सांगितलंच नव्हतं रे. नुसतं 'कर' म्हटलं. गवंड्याला आपण नुसतं 'घर बांध' म्हणतो का? चूल कुठे, मोरी कुठे, ते आपणच दाखवतो ना."

मग वहीतलं एकेक पान उलटत त्यांनी काम सुरू केलं. मी हर्षलच्या हातात होतो. त्याचा तळवा मोठा आणि कोरडा होता, मला तो आवडत नव्हता. पण कान माझे तिच्याकडे होते.

पहिले तीन दिवस एकही रेषा काढली नाही. फक्त भाग बसवले. रिले आणि कॉम्प्रेसरकडे जाणारं सगळं पाटीच्या एका टोकाला, सेन्सरचं नाजूक काम दुसऱ्या टोकाला. एखादा भाग नुसता फिरवला की दहा जोडण्यांचा गुंता सुटतो, हे ती दाखवत होती. हर्षलला घाई झाली होती. ती म्हणाली की घर चुकीचं मांडलं तर वाट शोधणारा बिचारा काय करणार. बिचारा, असं म्हणाली ती त्याला. मला ते टोचलं.

त्यानंतर तिने त्याच्यासाठी नियम लिहिले. वीज वाहून नेणारे ट्रॅक एवढे रुंद. जास्त व्होल्टेजची रेषा कमी व्होल्टेजच्या रेषेपासून एवढी दूर. सेन्सरभोवतीच्या या चौकोनात कुणीही शिरायचं नाही. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरता येतं, भरायची जागा पहिल्यापासून होती. पहिल्या वेळी ती रिकामी राहिली होती.

मग ज्या रेषा चुकल्या तर सगळंच चुकेल अशा सव्वीस रेषा तिने निवडल्या. त्या हाताने काढायच्या होत्या. ती बोलत होती, हर्षल काढत होता. "इथून रुंद ने. आता वळ. नव्वद अंशात नको, तिरपा वळ. सेन्सरची परतीची वाट वेगळी ठेव, शेवटपर्यंत कुणात मिसळू देऊ नकोस." हात दुसऱ्याचा होता, पण त्या रेषा तिच्याच होत्या. मला त्या ओळखू आल्या. सव्वीस झाल्या की तिने त्यांना कुलूप लावायला सांगितलं, म्हणजे ऑटोराउटर त्यांना हात लावणार नाही.

आणि मग उरलेल्यांसाठी तिने त्याला बोलावलं.

तो ब्याण्णव टक्क्यांवर अडकला. मी मनात टाळ्या पिटल्या. शुभांगीने शांतपणे बघितलं की तो कुठे अडकलाय, एक कनेक्टर थोडा सरकवला, आणि पुन्हा चालवलं. सत्त्याण्णव. आणखी एक भाग उलटा फिरवला. पुन्हा. पाचव्या फेरीला सगळ्या जोडण्या पुऱ्या झाल्या. तरी ती हसली नाही. एकेक रेषा बोटाने पडद्यावर दाखवत तिने हर्षलकडून तपासून घेतली, उगाच मारलेले वळसे सरळ करवले, आणि मोकळ्या जागेत तांबं भरून घेतलं. सगळं मिळून अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत मी त्याच्याकडे निरखून पाहत होतो. त्याचा एखादा दोष सापडावा म्हणून. सापडायचा तो एकच दोष होता, आणि तो म्हणजे त्याला सांगितलं तेवढंच तो करायचा. त्याला मी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ज्याच्यावर इतके महिने जळलो त्याला माझा पत्ताच नव्हता.

फेब्रुवारीत नवा बोर्ड सायखेड्याला बसला. पिशवीतून मीही पुन्हा गेलो होतो. या वेळी मंगलाबाई स्वतःहून कंट्रोलरसमोर येऊन उभी राहिली. शुभांगीने तिला बसायला खुर्ची देऊ केली, तिने नको म्हटलं. खट् वाजलं. सगळे आकड्याकडे बघत होते. मंगलाबाईने थंड खोलीत हात घातला, बाहेर काढला, परत आकड्याकडे पाहिलं. परत खट् वाजेपर्यंत ती तशीच उभी होती.

"नाय उडाला," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी निघून गेली.

धोंडीराम अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला. शुभांगीने कप डाव्या हाताने धरला.

त्यानंतर तिच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने नवा माऊस आला. उभा, हातात हात द्यावा तसा धरायचा. आता याचाही हेवा करायचा का, असं मी स्वतःला विचारलं. केला. सवय सहजी सुटत नाही. पण त्याला धरताना तिचं मनगट सरळ राहतं, हे मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. महत्त्वाच्या पंचवीस-तीस रेषा ती त्याच्या मदतीने काढते, बाकीचं काम सांगून करून घेते, आणि दर तासाला उठून खिडकीपाशी जाऊन बोटं उघडमीट करते.

मला बाजूच्या टेबलावर ठेवलं. गायधनी साहेबांनी निकिता नावाची एक नवी डिझायनर घेतली आणि मी तिच्या वाट्याला आलो. शुभांगी तिला शिकवायची, आधी मांडणी, मग नियम, मग हाताने काढायच्या रेषा, मग ऑटोराउटर. निकिताला बटण दाबायची घाई असायची. शुभांगी तिला पाटी पुन्हा मांडायला लावायची.

परवा शिकवता शिकवता शुभांगी वाकली आणि नकळत तिने उजवा हात माझ्यावर ठेवला. किती महिन्यांनी. तर्जनी माझ्या डाव्या कडेवरून सरकली आणि जागीच थांबली. तिने बोट उचलून बघितलं, पुन्हा टेकवलं, तडकलेल्या कडेवरून हळूच फिरवलं.

"अगं, याची कड किती बोचते," ती निकिताला म्हणाली. "टाक हा. उद्या नवा घेऊन ये."

निकिता हो म्हणाली आणि तिने माझी वायर काढली.

तर आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. दोन जुने कीबोर्ड, थोड्या वायर आणि मी. सोमवारी भंगारातलं इलेक्ट्रॉनिक सामान नेणारी गाडी येणार आहे. तुम्हाला वाटेल मी दुःखी असेन. तसं नाही. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या टेबलावर माझा भाऊबंद असेल तर त्याला सैल धरा, मनगट वाकवू नका, आणि बोटं सुन्न व्हायला लागली तर ते कुणापासून लपवू नका. ती आम्हाला काही सांगत नाहीत. सांगितलं तरी आम्ही तुम्हाला सांगू शकत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल, तर खोक्यात पडल्यापासून मी तेच एक वाक्य घोळवतोय. कड बोचते, असं ती म्हणाली. मी तिच्या बोटाला पुन्हा लागलो.